क्लचसोबत फ्लायव्हीलही बदलायचं का?

प्रश्न : माझा डिझेल पिकअप कळमन्याहून बुटीबोरीला माल नेतो. लोड असला की वरच्या गिअरात आरपीएम चढते पण गाडी ओढतच नाही, अन् इंजिन बंद करताना खालून खडाक् आवाज येतो. मिस्त्री म्हणतो ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनामागची दुहेरी जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) पण नवं टाका. खर्च ऐकून डोकं गरगरलं. नुसती क्लच प्लेट बदलली तर चालेल का? – एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, वरच्या गिअरात स्लिप म्हणजे क्लच गेलाच, पण तो खडाक् बहुतेक फ्लायव्हीलचाच, कारण त्यात दोन चकत्या असतात अन् मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की त्या एकमेकींवर आपटतात. गिअरबॉक्स उतरला की स्वतः समोर उभं राहून बाहेरची चकती हातानं डावी-उजवी फिरवून बघा, किती खेळते अन् डुगडुगते का, ते कंपनीच्या मापाशी जुळवा. मापात असेल तर राहू द्या ना! नसेल तर आत्ताच बदला, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला भरता? जुनंच फ्लायव्हील लेथवर घासून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. साधं सॉलिड फ्लायव्हील स्वस्त पडतं खरं, पण मग इंजिनाचे हादरे थेट गिअरबॉक्सला. रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) अन् फ्लायव्हीलचे बोल्ट मात्र नवेच, अन् क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील झिरपतंय का तेही तेव्हाच बघून घ्या.