कबुली देण्याआधी लेखी तक्रार कोणी केली ते पाहा

प्रश्न (थोडक्यात): ८ जुलै २०२५ च्या मीरा रोडच्या मराठी मोर्च्याला मी निघालो होतो. आदल्या संध्याकाळी पोलीस घरी येऊन एका कागदावर सही घेऊन गेले. सकाळी चौकात पोहोचण्याआधीच आम्हाला गाडीत घातलं, दिवसभर एका हॉलमध्ये बसवलं आणि संध्याकाळी सोडलं. नंतर व्हॉट्सॲपवर एक नोटीस आली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. आता कळलं की एफआयआरमध्ये माझं नाव आहे. कलमं आहेत भारतीय न्याय संहितेचं २२३ आणि १८९(२). हवालदार म्हणतात, कोर्टात गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा आणि मोकळे व्हा. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला आला आहे. व्यापाऱ्यांच्या मोर्च्याला मोकळीक आणि आम्हाला अटक, हा अन्याय नाही का? दंड भरून टाकू का?

उत्तर:

नाही. दंड भरू नका, निदान हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तरी. हजार रुपयांचा दंड भरून तुम्ही मोकळे होत नाही, तुम्ही दोषसिद्ध होता. पुढे प्रत्येक अर्जात, प्रत्येक पडताळणीत ती नोंद तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावी लागेल. कोणताही मोर्चा झाला की पाच-सहा महिन्यांनी अशी पत्रं येऊ लागतात. शेतकऱ्यांचा रास्ता रोको असो, आरक्षणाचं आंदोलन असो की भाषेचा मोर्चा, सल्ला देणारे तेच असतात आणि सल्लाही तोच असतो, ‘कबूल करा, मिटवा’. हा सल्ला पोलीस ठाण्याच्या सोयीचा आहे. प्रलंबित प्रकरणांतलं एक कमी होतं, एवढाच त्याचा उपयोग.

अन्यायाच्या प्रश्नावर मी फार थांबणार नाही. २९ जूनला मराठी बोलण्याच्या वादातून मिठाईच्या दुकानात मारहाण झाली, ३ जुलैला व्यापारी रस्त्यावर उतरले, ८ जुलैला मराठी मोर्चा, त्या पहाटे मनसेच्या अविनाश जाधवांना घरातून उचललं, दिवसभर धरपकड झाली आणि तरीही मोर्चा निघाला, हे सगळं महाराष्ट्राने पाहिलं आहे. कोणाला झुकतं माप मिळालं यावर राजकीय वाद चालू राहील, चालावाही. पण ‘त्यांना का सोडलं’ हा तुमच्यावरच्या खटल्यात बचाव होत नाही. न्यायदंडाधिकारी एवढंच बघणार की तुम्ही काय केलं आणि तुमच्यावरचा खटला कायद्याने सांगितलेल्या वाटेने त्यांच्यापुढे आला आहे की नाही.

यातल्या दुसऱ्या भागावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे.

कलम २२३ म्हणजे लोकसेवकाने रीतसर जारी केलेल्या आदेशाची अवज्ञा. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच १८८ होतं. या गुन्ह्याची दखल न्यायालय केव्हा घेऊ शकतं, म्हणजे प्रकरण चालवायला केव्हा हाती घेऊ शकतं, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये सांगितलं आहे. ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याने, त्याच्या प्रशासकीय वरिष्ठाने, किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाने न्यायालयाकडे लेखी तक्रार केली पाहिजे. एफआयआर म्हणजे ही तक्रार नव्हे. दोषारोपपत्रही नव्हे, कारण तक्रारीच्या व्याख्येतूनच पोलीस अहवाल वगळलेला आहे. बंदोबस्तावरच्या फौजदाराने स्वतः फिर्यादी होऊन आपल्याच ठाण्यात गुन्हा नोंदवला आणि चार महिन्यांनी दोषारोपपत्र कोर्टात टाकलं, तर २२३ पुरती ती मेहनत वाया जाते. त्याला आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने अधिकार दिला असेल आणि त्याने न्यायालयात वेगळी लेखी तक्रार केली असेल, तर गोष्ट वेगळी.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. तामिळनाडूत फेब्रुवारी २००० मध्ये जयललितांना शिक्षा झाल्यावर आंदोलन पेटलं आणि धर्मपुरीजवळ कृषी विद्यापीठाच्या बसला आग लावण्यात आली. तीन विद्यार्थिनी त्यात गेल्या. तो खटला, सी. मुनियप्पन विरुद्ध तामिळनाडू राज्य, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. इतक्या भीषण प्रकरणातही न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार नसताना १८८ ची दखल घेणं मुळातच अवैध आहे. त्याच निकालात हेही सांगितलं की बाकीची कलमं त्यामुळे आपोआप कोसळत नाहीत. तुम्हाला या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत.

आता मुदत. २२३ ला जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने, आणि जिवाला धोका किंवा दंगल घडण्यासारखी परिस्थिती असेल तर एक वर्ष. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत आहे, सुरक्षा संहितेचं कलम ५१४. जुन्या कायद्यात पोलिसांनी दोषारोपपत्र उशिरा टाकलं की आरोपी मुदतीचा मुद्दा घेत असे. नव्या कायद्याने ५१४ खाली एक स्पष्टीकरण जोडलं. मुदत मोजताना तक्रार दाखल झाल्याची तारीख किंवा पोलिसांनी खबर नोंदवल्याची तारीख धरायची. म्हणजे त्याच दिवशी एफआयआर झाला असेल तर दोषारोपपत्र तीन वर्षं कपाटात पडून राहिलं तरी मुदतीचा मुद्दा गेला. हा बदल मला मान्य नाही. किरकोळ गुन्ह्यात माणसाला वर्षानुवर्षं टांगून ठेवण्याची मोकळीक यातून मिळते, आणि आपल्या न्यायदंडाधिकारी न्यायालयांचा वेग पाहता ती पुरेपूर वापरली जाईल. पण कायदा आहे तो आहे.

फक्त २२३ च्या बाबतीत ही मोकळीक मिळू नये, असं माझं वाचन आहे. या गुन्ह्याची दखल लेखी तक्रारीवरच घेता येत असेल, तर मुदतही तक्रारीच्या तारखेवरूनच मोजली पाहिजे. घटना ८ जुलै २०२५ ची. ८ जुलै २०२६ पर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार न्यायालयात पोहोचली नाही, तर २२३ ला मुदतीची आडकाठी येते. उशीर माफ करण्याचा अधिकार कलम ५१९ खाली न्यायालयाला आहे, तेव्हा दार कायमचं बंद झालं असं समजू नका. नव्या स्पष्टीकरणावर उच्च न्यायालयांची पक्की भूमिका अजून घडायची आहे. तरीही माझा भर याच तारखेवर आहे. ती उलटण्याआधी तुम्ही कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणालात, तर हा सगळा बचाव तुम्ही स्वतः फेकून दिलात.

म्हणून पहिलं काम. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाणं टाकून प्रकरण कोर्टात गेलं आहे का ते बघा. गेलं असेल तर नकलेचा अर्ज करा आणि अभिलेखात काय आहे ते पाहा, नुसतं दोषारोपपत्र की सोबत स्वतंत्र तक्रार, तक्रारीखाली सही कोणाची, तारीख कोणती. त्याच वेळी माहिती अधिकारात पोलीस आयुक्तालयाकडे मनाई आदेशाची प्रत मागा. क्रमांक, तारीख, कोणत्या कलमाखाली कोणी काढला, आणि तो लोकांपर्यंत कसा पोहोचवला. तपास चालू असल्याचं कारण देऊन काही कागद नाकारतील, पण जाहीर करायचा आदेशच गुप्त आहे असं म्हणणं त्यांना जड जाईल.

आदेशाची प्रत का महत्त्वाची ते सांगतो. मोर्च्याला परवानगी नाकारल्याचं पत्र आयोजकांना गेलेलं असतं. जमावबंदीचा आदेश सगळ्यांना लागू होतो. दोन्ही एकच नाहीत. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की परवानगी नाकारलेली नव्हती, प्रश्न मार्गाचा होता. मग तुम्ही मोडलात तो आदेश नेमका कोणता? मार्ग ठरवणारा असेल, तर चौकात पोहोचण्याआधीच गाडीत घातलेल्या माणसाने मार्ग कसा मोडला? २२३ साठी आदेश माहीत असून तो मोडणं आणि त्यातून अडथळा, त्रास किंवा धोका होणं अथवा होण्याची शक्यता असणं, एवढं सिद्ध व्हावं लागतं. घरातून निघणं म्हणजे अवज्ञा नव्हे.

आणि इथेच तुमच्या सहीचा प्रश्न येतो. आदल्या संध्याकाळी आलेला कागद बहुधा सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस असणार, जिला ठाण्यात अजूनही जुन्या कायद्यातल्या क्रमांकाने ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. ती न वाचता तुम्ही सही केलीत आणि प्रत घेतली नाहीत. का? पोलीस दारात आले की हात थरथरतो हे मी समजू शकतो, पण दोन ओळी वाचायला आणि मोबाइलवर फोटो काढायला कोणी अडवत नाही. त्या कागदात मनाई आदेशाचा उल्लेख असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं तुम्ही स्वतःच्या सहीने गमावलं. नसेल, तर तीच नोटीस तुमच्या उपयोगाची. म्हणून ती मिळवा.

व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीबद्दल. सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये राज्यांना बजावलं आहे. म्हणून तुम्ही गेला नाहीत याचा दोष तुमच्यावर टिकू नये. पण आता लपाछपी नको. नोटीस रीतसर बजावली गेली आणि तुम्ही गेला नाहीत तर अटकेचं कारण आयतं मिळेल. दोन ओळींचं पत्र द्या, नोटीस रीतसर बजावावी, मी चौकशीला हजर राहीन. पोच घ्या. जबाबावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका.

१८९(२) म्हणजे बेकायदेशीर जमाव. या कलमाला लेखी तक्रारीची अट नाही आणि एफआयआर वेळेत आहे, तेव्हा हे कलम तग धरू शकतं. पाच माणसं जमली एवढ्याने जमाव बेकायदेशीर होत नाही, समान उद्देश कायद्यात दिलेल्या पाचांपैकी एक असावा लागतो. तुमच्या हातात काठी होती का, दगडफेक झाली का, यावर बरंच अवलंबून आहे, आणि पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. मूळ आरोप अवज्ञेचाच असताना तक्रारीची अट चुकवायला दुसरं कलम जोडलं, असा युक्तिवाद करता येतो. तो कधी मान्य होतो, कधी नाही. पोलिसांचा मनाई आदेश मोडल्याबद्दलचं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ नंतर जोडलं जाण्याची शक्यताही गृहीत धरा.

दिवसभर डांबून ठेवल्याची भरपाई मागता येईल का? रिट याचिका करता येते. पण मुंबई उच्च न्यायालयात त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा पाहता, संध्याकाळी सुटलेल्या माणसाला मी आत्ता त्या वाटेला लावणार नाही. स्टेशन डायरीची नोंद मात्र मागून ठेवा. तुम्हाला अटक दाखवली आहे की नुसतं ‘ताब्यात’, हे त्यातून कळेल. अटक दाखवली असेल आणि तिची कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली नसतील, तर तो मुद्दा पुढे लागेल.

पासपोर्टची भीती तुम्हाला सगळ्यात जास्त आहे आणि तिथेच तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असल्यावर लागू होतं. नुसता एफआयआर किंवा चालू तपास यात बसत नाही, न्यायालयाने दखल घेतल्यावरच प्रकरण प्रलंबित धरायचं, असं परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात लिहिलेलं आहे. पोलिसांचा पडताळणी अहवाल प्रतिकूल आला तर त्या ज्ञापनाचा हवाला देऊन पासपोर्ट कार्यालयाला उत्तर द्या. मात्र अर्जात एफआयआर लपवू नका. खोटी माहिती देणं हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो आजच्या तुमच्या प्रकरणापेक्षा जड आहे. दखल घेतली गेली असेल, तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे खटला चालवणाऱ्या न्यायालयाची परवानगी घ्या. न्यायालयाने मुदत ठरवून दिली नाही तर पासपोर्ट सहसा एका वर्षाचा मिळतो. गैरसोय होईल, प्रवास थांबणार नाही.

सरकारी नोकरीच्या भीतीने लिहिणाऱ्या मुलांसाठी एवढंच. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणात नियोक्ता उदार होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात म्हटलं आहे. नोकऱ्या बहुतेक वेळा जातात त्या लपवाछपवीने.

राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, त्यांची वाट बघत बसू का, असं कोणी विचारेल. त्यात घटनेच्या तारखेच्या आणि नुकसानीच्या अटी असतात, समितीकडे शिफारस व्हावी लागते आणि शेवटी न्यायालयाची संमतीही लागते. नेत्याच्या कार्यालयात अर्ज जरूर द्या. पण तारखेला गैरहजर राहून ‘सरकार मागे घेणार आहे’ म्हणत बसलेल्यांची वॉरंटं मी पाहिली आहेत.

या आठवड्यात एफआयआरची प्रत, नकलेचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज, ही तीन कामं उरका. समन्स आलं तर वकीलपत्र देऊन पहिल्याच तारखेला कलम २१५ चा आक्षेप लेखी नोंदवा. तोंडी मुद्दा रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, येत नाही. दखल घेतली जाण्याआधी आक्षेप पोहोचला तर उत्तम, कारण एकदा आदेश झाला की तो फिरवायला सत्र किंवा उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि हवालदारांनी पुन्हा दंडाचं सुचवलं, तर साहेबांच्या लेखी तक्रारीची प्रत मागा.