विकिपीडियासाठी संदर्भ तयार करून देणारं जुनं टूल नव्याने लिहावं की दुरुस्त करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: डीओआय (शोधनिबंधाचा कायमचा क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा बातमीचा दुवा टाकला की विकिपीडियाच्या साच्यात बसवलेला तयार संदर्भ देणारं एक टूल तुमच्याकडे आलंय. एका स्वयंसेवकाने ते बारा-तेरा वर्षांपूर्वी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलं, आता त्यांना वेळ मिळत नाही. टूल निम्म्या वेळा कोरं पान दाखवतं. सगळं मोडून पायथनमध्ये नव्याने लिहावं का, असं तुम्ही विचारताय.

नका लिहू. निदान सुरुवात तिथून करू नका. मी नाशिकचा. दिवसा अंबडच्या एका कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर बघतो आणि चारेक वर्षांपासून रात्री असंच एक छोटं टूल सांभाळतो. मी नव्याने लिहायचीच वाट धरली होती. दोन महिन्यांत कोड स्वच्छ झाला, पण टूल आधीपेक्षा वाईट संदर्भ द्यायला लागलं.

जुन्या कोडमध्ये एक फाइल होती, नुसत्या अटींची. ही असेल तर हे करा, ती असेल तर ते सोडा. कुठे एक ओळीचा खुलासा नाही. मला ती अडगळ वाटली, मी ती घेतलीच नाही. नवीन टूल सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच नाशिकच्या इतिहासावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्या चर्चापानावर विचारलं, "हे पुस्तक १८२० चं कसं असेल? तेव्हा पेशवाई जाऊन दोनच वर्षं झाली होती." बघितलं तर ग्रंथालयाच्या नोंदीत "शके १८२०" होतं. माझ्या कोडने चार आकडे उचलले आणि इसवी सन म्हणून साच्यात बसवले. खरं साल १८९८. मी टाकून दिलेल्या फाइलमधली एक अट नेमकी हीच होती: आसपास "शके" दिसलं तर ७८ मिळवा. तीही पुरती बरोबर नव्हती, कारण शक चैत्रात बदलतो. माघ-फाल्गुनात छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात. आता माझं टूल महिना दिलेला नसेल तर १८९८ लिहितं आणि शेजारी "मुद्रणपान तपासा" असं सांगतं.

दुसरा घोळ नावांचा. ही टूल्स मुळात आडनाव आणि नाव असे दोन कप्पे धरून लिहिलेली असतात. "वि. वा. शिरवाडकर" त्यात नीट बसतं. पण मुखपृष्ठावर नुसतं "कुसुमाग्रज" असेल तर एक कप्पा रिकामा राहतो, आणि माझ्या नव्या कोडला रिकामा कप्पा चालत नव्हता, म्हणून तो लेखकच गाळून टाकायचा. याच गावात राहून गेलेल्या स्वातंत्र्यकवींचं, कवी गोविंदांचं, त्याने आडनाव "गोविंद" आणि नाव "कवी" करून टाकलं. त्यांचं खरं नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. बातम्यांच्या संकेतस्थळांवर लेखकाच्या जागी "वेब डेस्क" असतं, तेही "डेस्क, वेब" होऊन लेखात गेलेलं मी पाहिलंय. जुन्या फाइलमध्ये या सगळ्यांसाठी अटी होत्या. कुणीतरी कधीतरी तक्रार केली होती, मूळ लेखकाने रात्री बसून ती मिटवली होती, आणि तेवढंच त्या ओळीत उरलं होतं.

तेव्हा तुमचं पहिलं काम असं. आज टूल जसं आहे तसं राहू द्या आणि त्याच्यातून दोनशे खरे संदर्भ काढून घ्या. मनाने बनवलेली उदाहरणं नकोत, लेखांमध्ये लोकांनी प्रत्यक्ष वापरलेली पुस्तकं, शोधनिबंध आणि बातम्या घ्या. प्रत्येकाचं आलेलं उत्तर जसंच्या तसं साठवा. मग ती उत्तरं हाताने तपासा आणि चुकलेली दुरुस्त करा. हा साठा म्हणजे तुमच्या चाचण्या. पुढे कोडमध्ये काहीही बदललं की दोनशेच्या दोनशे चालवायच्या, आणि एक जरी बदलली तरी का बदलली ते कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

यातला तपासणीचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. पुस्तकांसाठी मी तीन रविवार नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसलो. १८४० सालची संस्था आहे, जुनं बरंच काही तिथे हाती लागतं. मुखपृष्ठ उलटून मागचं पान बघायचं आणि ते इंटरनेटवरच्या नोंदीशी ताडायचं. तिथे दिसलं की जुन्या मराठी पुस्तकात प्रकाशक आणि मुद्रक शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि परदेशी सूचींमध्ये छापखान्याचंच नाव प्रकाशक म्हणून चढलेलं असतं. तिसऱ्या आवृत्तीला पहिल्या आवृत्तीचं साल लागलेलं असतं. पांडवलेण्यांच्या लेखात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, नाशिक जिल्ह्याचा, १८८३ चा, हमखास लागतो. त्याला ना आयएसबीएन ना डीओआय, आणि शोधयंत्र आधी पुनर्मुद्रण पुढे करतं. अशा पुस्तकांना टूलने अंदाज बांधू नये. सरळ रिकामा साचा द्यावा, कप्प्यांची नावं मराठीत दाखवावीत आणि माणसाला भरू द्यावं.

आता कोडकडे. कोरं पान येतंय म्हणजे बहुतेक वेळा पीएचपी अर्ध्यात कोसळलेलं असतं आणि चूक पडद्यावर दाखवणं बंद केलेलं असतं. आधी लॉग, म्हणजे सर्व्हरवरची चुकांची नोंदवही, उघडा. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं आणि मजकुरात नमुना शोधणारी एरेगची फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली, पीएचपी ५.६ ची दुरुस्ती २०१८ अखेर थांबली आणि ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. जुन्या टूलमध्ये हेच दोन-तीन प्रकार पन्नास ठिकाणी सापडतील. पन्नास ठिकाणं बदलायला चार संध्याकाळी लागतात. नव्याने लिहायला किती लागतील ते मी भोगलंय.

टूलफोर्जवर, म्हणजे विकिमीडियाने स्वयंसेवकांच्या टूल्ससाठी दिलेल्या सर्व्हरवर, असाल तर तिथलीही पायाभूत व्यवस्था बदलत आलीय. या प्रकारची टूल्स आधी जर्मन विकिमीडियाच्या टूलसर्व्हरवर होती, तो २०१४ मध्ये बंद झाला. पुढे टूलफोर्जवरची टूल्स चालवणारी ग्रिड इंजिनची व्यवस्था मार्च २०२४ मध्ये थांबली आणि सगळं कुबरनेटीस या नव्या व्यवस्थेवर गेलं. प्रत्येक वेळी सामान हलवायला माणूस नसलेली टूल्स मागे राहिली, कोड धड असूनही. म्हणून मूळ लेखकांशी संपर्क आहे तोवर त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: टूलच्या खात्यावर सहसांभाळकर्ता म्हणून तुमचं नाव, आणि कोडवर मुक्त परवाना. टूलफोर्जवर सोडून दिलेलं टूल दत्तक घ्यायचा नियम आहे, पण माणूस बोलतोय तर थेट विचारलेलं बरं. आणि त्यांचं नाव टूलच्या पानावर ठेवा. दहा वर्षं फुकट सांभाळलंय त्यांनी.

मराठीपुरती एक जागा नीट बघा, इंग्रजीसाठी लिहिलेल्या टूलमध्ये इथे नक्की खोट निघते. "त्र्यंबकेश्वर" हा शब्द घ्या. तुमच्या-माझ्या डोळ्यांना त्यात पाच अक्षरं दिसतात. संगणकावर अक्षरं लिहायच्या युनिकोड या पद्धतीच्या हिशेबाने ती १३ चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवण-पद्धतीत साठवली की ३९ बाइट. जुना कोड लांब शीर्षक बाइट मोजून कापतो, आणि कापलेल्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. बाइटऐवजी चिन्हं मोजणारी मल्टीबाइटची फंक्शनं वापरली तर प्रश्नचिन्ह जातं, पण मात्रा तुटून "के" चा "क" होऊ शकतो, म्हणजे आता चूक दिसतही नाही. माझं मत विचाराल तर शीर्षक कापूच नका. दुसरं, "ऱ". दऱ्या, कुऱ्हाड, साऱ्या यांतला तो अर्धा र. तो एका चिन्हातही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एकच पुस्तक एका लेखात दोनदा संदर्भ म्हणून आलं आणि टूलला ते कळलं नाही, याचं कारण शोधताना माझे दोन दिवस गेले. आत येणारा सगळा मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात) आणून मगच पुढे न्या. त्याच जागी देवनागरी अंकही इंग्रजी करून घ्या, म्हणजे आयएसबीएन कुणी ९७८ असा टाइप केला तरी चालेल. आयएसबीएनचा शेवटचा तपास-अंक, जो बाकीच्या अंकांवरून गणिताने ठरतो, तुमच्याकडेच पडताळा. टायपिंगची चूक असेल तर बाहेर विचारायला जायची गरजच नाही. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक असतो, तोही स्वीकारा.

बाहेरच्या स्रोतांचं थोडक्यात. जुनी टूल्स वेबपानं ओरबाडून माहिती काढतात, पान बदललं की टूल आंधळं. डीओआयसाठी क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेची एपीआय (प्रोग्रॅमने थेट माहिती मागायची सोय) वापरा आणि विनंतीत स्वतःचा ईमेल द्या, ते तशा विनंत्या वेगळ्या रांगेत घेतात. पबमेडला, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीला, किल्लीशिवाय सेकंदाला तीन विनंत्या चालतात, किल्ली घेतली तर दहा. कुठे साध्या एचटीटीपीवर विचारणारा पत्ता उरलाय का तेही बघा. बातम्यांच्या दुव्यांसाठी स्वतः काही लिहू नका. विकिमीडियाची सायटॉइड ही दुव्यावरून संदर्भ काढणारी सेवा झोटेरो या संदर्भ-सॉफ्टवेअरच्या "ट्रान्सलेटर"वर, म्हणजे पानातली माहिती उचलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर चालते, तिला विचारा. मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत तिला तारीख आणि लेखक पुष्कळदा सापडत नाहीत. त्यावर वेब-टू-सिट नावाचा उपाय आहे: एखाद्या संकेतस्थळावर शीर्षक कुठे, तारीख कुठे, हे मेटा-विकीवर (सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांच्या सामायिक विकीवर) लिहून ठेवायचं, सोबत चाचण्याही. त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही. मराठी विकिपीडियाच्या चावडीवर (चर्चेच्या सामायिक पानावर) मी मदत मागितली तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी पुढे आली आणि तिने रोजच्या वापरातल्या काही संकेतस्थळांचं काम करून दिलं. आज टूलच्या खात्यावर माझ्याबरोबर तिचंही नाव आहे. तुम्हीही एकटे राहू नका. एकट्या माणसाची बदली होते, घरी आजारपण येतं, आणि टूल पुन्हा तिथेच येऊन पडतं.

हल्ली कुणीही सांगेल की रिकाम्या जागा भाषा-मॉडेलकडून (मजकूर लिहून देणाऱ्या एआयकडून) भरून घ्या. संदर्भाच्या टूलमध्ये हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती. ते पृष्ठ क्रमांकही आत्मविश्वासाने देतं आणि प्रकाशकही, आणि दोन्ही दिसायला खरे असतात. वाचक संदर्भावर विश्वास ठेवतो तो कुणीतरी ते पुस्तक उघडलंय म्हणून. त्याच कारणाने टूलने थेट लेखात जतनही करू नये. मजकूर द्यावा, माणसाने बघावा, मग चिकटवावा.

आणि जुना पत्ता मोडू नका. लोकांच्या बुकमार्कमध्ये तो आहे, काहींच्या स्क्रिप्ट त्याच पत्त्याला क्रमांक जोडून उत्तर मागतात. उत्तरातला कप्प्यांचा क्रमही तोच ठेवा. रंगरूप नंतर बदला, किंवा बदलूच नका. रोज तीस संदर्भ घालणाऱ्या माणसाला बटण आहे तिथेच हवं असतं.

कोडला हात लावण्याआधी आज एवढंच करून बघा: लेखक म्हणून "कवी गोविंद", साल म्हणून "शके १८२०" आणि शीर्षकात "त्र्यंबकेश्वर" येईल अशी एक नोंद तुमच्या जुन्या टूलमधून काढा. जे उत्तर येईल ते खाली प्रतिसादात जसंच्या तसं टाका. कुठली अट शाबूत आहे ते त्यावरून आपल्याला कळेल, मी सोबत बसून बघतो.