अंडाशयाची म्हटलेली गाठ नसेची निघाली

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो. माझ्या आईचे वय ४७ आहे. कापूस वेचताना ओटी भरत आली की तिच्या उजव्या मांडीत मागून मुंग्या येत. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाची सात सेंटिमीटरची गाठ सांगितली होती. पोट उघडल्यावर मात्र दोन्ही अंडाशये चांगली निघाली आणि गाठ त्यांच्यामागे, पाठीच्या हाडाला लागून होती. डॉक्टरांनी तुकडा तपासणीला घेऊन पोट बंद केले. अहवालात ‘श्वानोमा’ लिहिले आहे. हा कॅन्सर आहे का? डॉक्टर चुकले का? गर्भपिशवीही काढून टाकावी, असे नातेवाईक म्हणतात.

उत्तर : गावात कोणी या नावाचा कुत्र्याशी संबंध जोडण्याआधी सांगते, की नसेभोवती आवरण घालणाऱ्या पेशींचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये केले आणि त्या पेशींपासून झालेली ही गाठ आहे. हा कॅन्सर नव्हे. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते; कॅन्सरमध्ये रूपांतर होणे अत्यंत विरळ.

डॉक्टरांना दोष देऊ नये, असे माझे मत आहे. कटिभागात, म्हणजे ओटीपोटाच्या पोकळीत, ही गाठ क्वचितच होते. ती जुनी झाली की आत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ती अंडाशयाच्या गाठीसारखीच दिसते. अनपेक्षित गाठ ओढून न काढता पोट बंद केले, हे तर शहाणपणाचेच झाले, कारण तेथे त्रिकास्थीसमोर, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडासमोर, शिरांचे जाळे असते आणि त्यातील रक्तस्राव थांबवणे फार अवघड जाते. मांडीतल्या मुंग्यांची आधी नीट विचारपूस झाली असती, तर कदाचित एमआरआय अगोदर झाला असता, एवढेच म्हणता येईल.

एमआरआय आता करून घ्या. गाठ कोणत्या नसेतून निघाली आहे आणि मणक्याच्या छिद्रात शिरली आहे का, हे त्यातून कळेल. त्यानंतर नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणी, जेथे न्यूरोसर्जनही उपलब्ध असतील, तेथे दाखवावे. पुष्कळदा गाठ आवरणाच्या आतून सोलून काढता येते आणि नस वाचते. तरीही काही काळ पाय बधिर राहणे किंवा पाऊल उचलताना कमजोरी जाणवणे शक्य असते, हे आईला आधीच सांगा. पिशवीचा या दुखण्याशी संबंध नाही. ती काढू नका.

जाताना लॅबकडून तुकड्याचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तो तुकडा, मागून न्या; तो तेथे पुन्हा तपासता येईल. मात्र लघवी अडली किंवा पाऊल लटके पडू लागले, तर वेचणी संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.