वाचकांचे प्रश्न : प्रतिपालक पालक होताना

बालगृहातील मोठ्या मुलांना काही काळ तरी कुटुंबात राहायला मिळावे, असे या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५४ आणि पत्नीचे ४९ आहे. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या आहेत. घर स्वतःचे आहे आणि माझी नोकरी अजून चार वर्षे आहे. बालगृहातील एखाद्या मुलाला घरी आणून वाढवावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. त्यासाठी कोणाकडे जावे लागते? पत्नीला एकच भीती वाटते, की लळा लागल्यावर मूल परत द्यावे लागले तर काय करायचे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ‘वाढवावे’ हा शब्द वापरला, याचा मला आनंद झाला, कारण दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतला फरक तेथूनच सुरू होतो. दत्तकविधानाने मूल कायद्याने तुमचे होते आणि वारसाहक्कासह सारे नाते कायमचे जुळते. प्रतिपालकत्वात मूल तुमच्या घरी राहते, तुमच्या पंगतीला जेवते, तुमचे बोट धरून शाळेत जाते; परंतु त्याचे आडनाव तेच राहते, तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप वाटा मिळत नाही आणि त्याचे आईवडील हयात असतील तर तेच त्याचे आईवडील असतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये ही तरतूद आहे. मूल कोणाच्या घरी ठेवायचे याचा आदेश बालकल्याण समितीच देऊ शकते. बालगृहाचे अधीक्षक किंवा एखादी संस्था, हेतू कितीही चांगला असला तरी, परस्पर मूल तुमच्या स्वाधीन करू शकत नाही.

सुरुवात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून करावी. जून २०२४ पासून ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरणाच्या पोर्टलवरही नोंदणी करता येते. तरीही दोघांनी मिळून एकदा प्रत्यक्ष कार्यालयात जावे, असे मी सुचवेन. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार दांपत्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० असावी. या दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. ओळखपत्र, रहिवासी व उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय दाखले आणि पोलीस पडताळणी यांची तयारी ठेवावी.

त्यानंतर गृहचौकशी होते आणि तिच्याविषयी लोकांच्या मनात उगाच धास्ती असते. मी काही वर्षे बालकल्याण समितीवर काम केले आहे, म्हणून सांगते, की भिंतींचा रंग पाहायला कोणी येत नाही. मूल दुपारी शाळेतून आले की घरी कोण असेल, राग आला की तुम्ही काय करता, लग्न झालेल्या मुलींना हा निर्णय मनापासून पटला आहे का, हे समजून घ्यायला सामाजिक कार्यकर्त्या येतात. दुसऱ्या जातीचे किंवा धर्माचे मूल तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना चालेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तरी तुम्ही एकमेकांना विचारावा आणि त्याचे उत्तर खरे द्यावे. मुलाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवणारे घर त्याला बालगृहाहून अधिक एकटे करते.

या योजनेतून येणारी मुले साधारणतः सहा वर्षांच्या पुढची असतात. बालगृहात ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशी, किंवा आई दीर्घकाळ आजारी आहे, वडील तुरुंगात आहेत, घरी सांभाळण्याची स्थिती नाही अशी ही मुले. मुलाचे म्हणणेही विचारात घेतले जाते आणि भावंडे असतील तर शक्यतो एकत्र ठेवली जातात. मुक्काम एक वर्षापर्यंतचा असू शकतो, किंवा त्याहून दीर्घ, म्हणजे वयाच्या अठरा वर्षांपर्यंतचाही. मूल घरी आल्यावर दरमहा पाहणी होते. तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नये. परक्या घरात गेलेल्या मुलाला मोकळेपणाने बोलायला कोणीतरी बाहेरचे माणूस हवेच असते.

आता आपल्या पत्नीच्या भीतीविषयी. ती भीती खरी आहे आणि ती घालवण्यासाठी मी खोटा दिलासा देणार नाही. दोन वर्षे मूल घरी राहिल्यावर, ते कायद्याने दत्तकासाठी मुक्त झालेले असेल, म्हणजे त्याला दत्तक देता येईल असे ठरलेले असेल, तर त्याच प्रतिपालकांना त्याला दत्तक घेण्याचा मार्ग खुला आहे. परंतु ती आशा धरून या कामात येऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण ज्या घरात ती आशा मूळ धरते, त्या घराला नकळत वाटू लागते की त्या मुलाची आई बरी होऊच नये, आणि मोठ्यांच्या मनातली ही गोष्ट मुलांना फार लवकर कळते. म्हणून मूल आल्या दिवसापासून त्याच्या आईचा उल्लेख घरात सहजपणे व्हावा. फोटो असेल तर तो त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर असावा आणि समितीने भेटीची परवानगी दिली असेल तर भेटीचा दिवस सणासारखा लक्षात ठेवावा. एक वही करावी. तिच्यात आजारपणे, लसी, शाळेतले गुण, आवडीची भाजी, कशाची भीती वाटते, हे सारे लिहीत जावे. ती वही मुलाबरोबर त्याच्या घरी जाते.

समितीवर असताना पाहिलेला नऊ वर्षांचा एक मुलगा आठवतो. पहिले काही महिने तो रोज रात्री उशीखाली चपाती लपवून झोपत असे. त्या घरातल्या बाईंनी त्याला कधी रागावले नाही. त्यांनी त्याच्या उशाशी झाकणाचा एक छोटा डबा ठेवला आणि संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने भरायला त्याला सांगितले. चौदा महिन्यांनी तो आईकडे परत गेला, तेव्हा डबा सोबत गेला. बाई बरेच दिवस रडल्या, आणि वर्षभराने त्यांनी पुन्हा अर्ज केला.

प्रश्न : मी ४१ वर्षांची अविवाहित शिक्षिका आहे. मला मूल मिळेल का? शासन पैसे देते असेही ऐकले. ते घेणे मला संकोचाचे वाटते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, मिळू शकते. पूर्वी ही सोय फक्त विवाहित दांपत्यांना होती. २०२४ पासून ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही, मग ती अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त असो, प्रतिपालक होता येते. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही येऊ शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगेच दिले जातात.

पैशाचा संकोच धरू नये. मिशन वात्सल्य योजनेत एका मुलासाठी दरमहा ४,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ही रक्कम मुलाची आहे, तुमचा मोबदला नव्हे. आपल्याला गरज नसेल तर ती मुलाच्या नावे बँकेत ठेवावी. अठराव्या वर्षी तिचा उपयोग होईल. एक सूचना अवश्य पाळावी. मूल घरी आल्याच्या आनंदात त्याचा फोटो, नाव किंवा शाळा व्हॉट्सॲपवर अथवा फेसबुकवर टाकू नये. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याचे कलम ७४ मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला गेला असताना अपघातात वारला. भावजय अजूनही कारखान्यावर जाते. तिच्या दोन मुली हंगामभर आमच्याकडे असतात. आम्ही प्रतिपालक पालक ठरतो का? आम्हाला काही मदत मिळेल का? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आपण या मुलींचे चुलते आहात आणि त्यांच्या आईने विश्वासाने त्यांना आपल्याकडे ठेवले आहे. त्यासाठी बालकल्याण समितीकडून प्रतिपालक म्हणून निवड होण्याची गरज नाही. मदत मात्र दुसऱ्या योजनेतून मिळू शकते. राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, वडील गमावलेल्या मुलांसाठी, प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद आहे. पुतण्या दोन असल्याने दोन्ही अर्ज एकदमच करावेत. वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार कार्डे, बँकेचे पासबुक आणि घरासमोर पालकासह काढलेला मुलींचा फोटो अशी कागदपत्रे साधारणपणे लागतात.

मुलींची शाळा कोणत्याही कारणाने सुटू देऊ नये. त्या फडावर न जाता आपल्याकडे राहून शाळेत जातात, ही आपण भावासाठी केलेली फार मोठी गोष्ट आहे. गावात एखादे मूल असे राहिले असेल, की ज्याची चौकशी करणारे कोणीच उरले नाही, तर त्याला परस्पर कोणाच्या घरी ठेवून घेऊ नये. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. असे मूल सापडल्यास २४ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

बालसंगोपनाचा अर्ज भावजयींच्या नावाने जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावा, आणि तो दिवाळीच्या सुमारास टोळी निघण्यापूर्वीच द्यावा, कारण सह्यांसाठी त्या गावात असायला हव्यात.