शब्दांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचा २४० पानी मजकूर संपादनासाठी आला आहे. टायपिंग श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये) आहे आणि मालवणी संवाद भरपूर आहेत. पानामागे किती घ्यावेत? (एक वाचक, कुडाळ)

पानावर दर ठरवूच नका. टाइप लहानमोठा केला की त्याच पानात २०० शब्द बसतात नाहीतर ४००. शब्द मोजा. मात्र इंग्रजी कामाचा शब्दामागचा दर जसाच्या तसा मराठीला लावू नका. ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द. इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात.

मजकुराच्या मधले १००० शब्द घ्या (सुरुवातीची पानं लेखकाने बहुधा घासूनपुसून दिलेली असतात) आणि घड्याळ लावून संपादित करा. समजा २ तास लागले आणि पुस्तक ६०,००० शब्दांचं आहे. म्हणजे १२० तास. दुसऱ्या वाचनाचे आणखी ४० धरा. दिवसाला ४ तासांपुढे नजर पक्की राहत नाही, म्हणून हे ४० दिवसांचं काम. दिवसाचे १५०० रुपये सुटायला हवे असतील तर शब्दामागे १ रुपया पडतो. तुमचा आकडा वेगळा असेल, रीत हीच.

फॉन्ट बदलण्याचं काम वेगळं धरा, कारण खरी मेख तिथेच आहे. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ हटकून बिघडतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आपल्याकडच्या पुस्तकात दोन्ही शब्द येणार, आणि दोन्ही बरोबर असल्याने स्पेलचेकरला काही कळणार नाही. म्हणून ‘र्य’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघा. एकगठ्ठा बदललंत तर ‘सूर्य’ही बिघडेल. ‘ॲ’, ‘श्र’, ‘रु-रू’ आणि अवतरणचिन्हंही तपासा. पुढे पानं इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लागणार असतील तर त्यातला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरजुळणीचा पर्याय) निवडायला सांगा. तो नसला की जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते. लावलेल्या पानांचं एक वाचन तुमच्याकडेच ठेवा.

निवेदनाला साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लावा. १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे ते १८ आहेत. मालवणी संवादांना मात्र ते लावू नका. ‘माका’, ‘तुका’, ‘इलो’ ही रूपं लेखकाकडून ठरवून घ्या, एका कागदावर लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. बोलीला प्रमाण भाषेचा इस्त्री केलेला सदरा चढवला की माणसंच परकी वाटायला लागतात.

प्रश्न : आंबा आणि कोकम विकणाऱ्या ग्राहकाला लेबलवर ‘अस्सल हापूस’, ‘१०० टक्के नैसर्गिक’ आणि ‘मधुमेह बरा करते’ असं हवं आहे. लिहून द्यावं का? (एक वाचिका, रत्नागिरी)

तिसरं वाक्य कुठल्याही परिस्थितीत नाही. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही. शिवाय १९५४च्या जादुई उपचारांसंबंधीच्या कायद्यात मधुमेहाचं नाव आहेच. ‘नैसर्गिक’ लिहिण्याआधी घटकांची यादी मागून घ्या. सरबतात साखर आणि टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट असेल तर तो शब्द काढा.

हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर येतात. ग्राहक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन मगच मानांकनाचा उल्लेख करा. विशेषणांपेक्षा बाग कुठली आणि काढणी कधीची हे लिहिलेलं गिऱ्हाइकाला जास्त पटतं. आणि आगळ व अमृत कोकम यांची गल्लत होऊ देऊ नका. आगळ मिठाचं, सोलकढीसाठी. अमृत कोकम साखरेचं, सरबतासाठी. मुंबईच्या गिऱ्हाइकाने आगळात पाणी घालून सरबत म्हणून प्यायलं तर पुढची ऑर्डर विसरा.

प्रश्न : एका रिसॉर्टसाठी मजकूर लिहून चार महिने झाले. ‘सीझन लागू दे’ एवढंच उत्तर मिळतं. पुढे काय करावं? (एक वाचक, गुहागर)

या कामासाठी आता लेखी बिल आणि देय तारीख पाठवा. पुढच्या कामाआधी लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा. आधार आणि पॅनवर ती होते आणि फुकट होते, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नका. नोंदणीनंतरच्या कामाला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६चा कायदा लागू होतो : काम स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पैसे अडलेच तर याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते.

किनाऱ्यावरच्या व्यवसायांचा हात पावसाळ्यात आखडतो. तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि उरलेली मृगाच्या आत येईल अशी तारीख करारातच घाला. सोबत आणखी एक ओळ हवी : ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.’ १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, त्याच्याकडेच राहतो आणि हस्तांतर सहीनिशी लेखीच लागतं. गुहागरच्या या कामात तसं काही लिहून दिलेलं नसेल, तर बिलासोबतच्या पत्रात ही गोष्ट स्पष्ट नोंदवा.