डाळिंबाच्या बागेत कुठल्या स्टीलचा चाकू?

प्रश्न : सोलापूरजवळ आमची डाळिंबाची बाग आहे, खिशात मल्टीटूल (चाकू, पक्कड असं एकत्र घडीचं हत्यार) कायम असतं. फळ कापून तसंच ठेवलं की पात्यावर डाग पडतात. आता नवीन घ्यायचंय, मित्र म्हणतोय डी२ जातीच्या स्टीलचं घे, दुकानदार म्हणतोय ४४०सीचं. काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या कामाला डी२ नकोच. धार लई टिकते, पण त्यात कार्बन दीड टक्का अन् गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, त्यातलं बरंचसं कार्बनमध्येच अडकतं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस धरत नाहीत अन् आंबट रसानं डागाळणारच. ४४०सीमध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, धारही चांगली, फक्त परत धार लावायला जरा कष्ट पडतात. मला विचाराल तर ४२०एचसी नावाचं स्टेनलेस घ्या, धार लवकर जाते खरी पण बांधावर बसून साध्या दगडावर पटकन परत येते, शेतात तेच कामाचं. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं स्वस्तातलं दिसलं तर लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर बहुतेक ताट-वाट्यांचं ३०४ जातीचं स्टील, त्याला कितीही तापवून पाणी द्या, कडक होतच नाही. चिकटलं म्हणजे भारीच असंही नाही हां. अन् कुठलंही घ्या, रस लागला की लगेच धुवून कोरडं पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा.