शिरोलीची फाउंड्री घेण्याआधी

कोल्हापूर, 8 डिसेंबर 2019

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

शिरोलीतली फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, जवळपास निम्म्या किमतीत मिळतेय आणि महिनाअखेर व्यवहार उरकायचा म्हणतात, असं कळवलंस. "मंदी आहे म्हणून तोटा" हे मालकाचं वाक्य मात्र मनातून जाईना. यंदा मालवाहू गाड्यांची विक्री कोसळली, सप्टेंबरात मारुतीनंही दोन दिवस कारखाने बंद ठेवले, ऑगस्टच्या महापुरात शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता. तोटा होणारच. पण त्यातला यंदाचा किती आणि आधीपासून मुरलेला किती, हे तुला वेगळं काढायचंय. म्हणून हिशेब 2016 पासूनचे माग. 2017-18 साली ट्रक धडाधड विकले जात होते. तेव्हाही हा कारखाना काठावरच असेल, तर दुखणं जुनं आहे.

ताळेबंदाच्या आधी महावितरणची बिलं बघ. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात. भट्टीचं मीटर वेगळं नसेल तर कॉम्प्रेसर, सँड प्लँट यांची वीज आधी बाजूला काढ. उरलेल्या युनिटांवरून टन काढ, रनर-रायझरचं, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठून पुन्हा भट्टीत जाणारं, लोखंड वजा कर, आणि येईल तो आकडा जीएसटी रिटर्नमधल्या विक्रीशी ताडून बघ. मंदीत हीट, म्हणजे वितळवण्याच्या खेपा, कमी लागतात, भट्टी थंड होते, त्यामुळे टनामागे वीज जास्त दिसली तर बिचकू नकोस. विक्री भरपूर आणि वीज थोडी असं दिसलं, तर मात्र माल न बनवता नुसती विक्रीची बिलं फिरवली जात होती का, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मालमत्तेच्या यादीत पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचे नमुने, असतील. ते कुणाचे, विचार. बहुतेक वेळा पॅटर्न ग्राहकाचे असतात, फाउंड्री ते नुसते सांभाळते. आणि येत्या 1 एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे निकष, लागू होतंय. इंजिनं बदलली की कास्टिंगही, म्हणजे ओतीव भागही, बदलतात. त्यामुळे कोणते पार्ट नंबर एप्रिलनंतर चालू राहणार, हे ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून लेखी घे. मालकाच्या तोंडच्या आश्वासनावर या बाबतीत अजिबात विसंबू नकोस.

आता माझी चूक सांगतो. अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यानंतरच्या मंदीत, 2009 साली, मी एक मशीन शॉप स्वस्तात घेतलं. मशीनं तपासली, जागेची कागदपत्रं तपासली. कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड भरलाय का, हे विचारलंच नाही. आधीच्या मालकाची थकबाकी माझ्याकडून वसूल झाली. कायदा तसाच आहे, तक्रार नाही. पण सोळा वर्षं तिथे राबलेला एक टर्नर पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चिठ्ठ्यांवर दरमहा कपात होती, खात्यात काही नव्हतं. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. तू फंडाची चलनं महिन्यागणिक तपास आणि चार कामगारांशी मालक नसताना बोल. जीएसटीचंही तसंच: कलम 85 प्रमाणे व्यवसाय विकत घेणाऱ्यावर जुन्या थकबाकीची संयुक्त जबाबदारी येते. कंपनीवरचे बोजे, एमआयडीसीची हस्तांतरणाची परवानगी, हे तुझा सीए आणि वकील बघतील.

येणी मात्र तू स्वतः बघ. नव्वद दिवसांच्या पुढची येणी किती आणि कुणाकडे, एवढं जरी नीट लावलंस तरी पुष्कळ उलगडेल. एकाच ग्राहकाकडे निम्मी रक्कम अडकली असेल तर तू कारखाना घेत नाहीस, त्या ग्राहकाची उधारी घेतेस.

आणि सगळा पैसा खरेदीत घालू नकोस. ऑर्डरी परतल्या की भंगार, पिग आयर्न (कच्चं लोखंड) रोखीनं घ्यावं लागतं आणि ग्राहकाचे पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. मंदी तगून काढलेले कारखाने नेमके तेव्हा अडकलेले मी पाहिलेत. त्या चार महिन्यांचा पैसा हाताशी नसेल तर किंमत आणखी पाड, नाहीतर हा व्यवहार सोड.

रात्रीची वीज स्वस्त म्हणून भट्टी बहुधा रात्री लागत असेल. न कळवता एकदा रात्री जा, हीटची वही माग, रिजेक्शनचा ढीग कुठल्या पार्टचा आहे ते बघ. शनिवारी जाणार असशील तर मला सांग, मीही येतो. तोवर टोकन देऊ नकोस.

तुझा,
काका